लष्करात कुणालाही विचारा

ता. २ जानेवारी १९५८, गुरुवार

गुरुजी म्हणले, रातच्या वर्गात शिकलेली अक्षरं मोडायची नसतील तर रोज चार ओळी लिहा. काय लिहू म्हणलं, तर म्हणले मनातलं लिहा, कुणी बघणार न्हाई. मग लिहिते. आमच्या पाली गावातल्या ज्या बायका वर्गाला बसतात त्यात माझंच अक्षर बरं आहे. बाकीच्या पाटीवर रांगोळी काढतात.

पहिल्या दिवशी गुरुजी म्हणले मालकाचं नाव लिहा. म्या पाटी पालथी घातली. जे तोंडानं घ्यायचं न्हाई ते हातानं कसं लिहायचं. इथं नुसतं 'हे' लिहीन. ह्यांना वाचता येत न्हाई ते एक बरं आहे.

अंग दुखतंय. नाताळच्या सुट्टीत पुण्याच्या लष्कर भागातनं एक मास्तरीणबाई पोरींना घेऊन गड बघायला आल्या. साळवेबाई. पाठीवर पिशव्या, पायात कॅनव्हासचे बूट. आधी सांगणं न्हाई, इचारणं न्हाई. झोपायला मारुतीच्या देवळात आन जेवायला माझ्याकडं, कारण आमचं घर देवळाला लागून. पिठलं, भाकरी, कांदा, ताक. पोरींनी जातं फिरवून बघितलं, म्हशीचा फोटो काढला, गोवऱ्या बघून किती छान म्हणल्या. पावणे म्हणजे डोक्याला ताप. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी पुण्याचं येतंच. दोघी लेकी नांदायला गेल्यापास्नं घरात जरा शांतता झाली होती, ती बी मिळत न्हाई.

जाताना बाई दारातनं म्हणल्या, मावशी, आता तुम्ही पुण्याला या. लष्करात कुणालाही विचारा, घर दाखवतील. म्या चुलीपास्नंच म्हणलं, येईन की.

बाई आन मी आता मैत्रिणी झालो.

ठरवलं: रोज लिहायचं. एक दिवस चुकवायचा न्हाई.

ता. ४ जानेवारी, शनवार

काल लिहिलं न्हाई. म्हैस अडून बसली होती.

पाण्यावर चंद्राबाई भेटली. चंद्राबाई म्हणजे पोलीस पाटलाची बायको. घराचा बसायचा सोपा मोठा, बोलणं त्याच्याहून मोठं. म्या साळवेबाईंचं सांगत होते तर मधीच म्हणली, धोंडे, ही शहरातली माणसं येतात, खातात, जातात. उद्या रस्त्यात दिसलीस तर वळखायची बी न्हाई तुला. म्या म्हणलं, मैत्रीण आहे माझी. ती म्हणली, मैत्रिणीचं कपाळ. तुझ्या घरात बसायला जागा न्हाई, धुरानं माणसं खोकतात, आन देवळाशेजारी राहतीस म्हणून सगळे पावणे तुझ्याकडं. खरं तर ते माझ्या सोप्यात बसायला पायजेत.

म्या घागर खाली ठेवली. म्हणलं, पुण्याला जाऊ. बाईंनी मला वळखलं तर तू पुन्हा पावण्यांचं नाव काढायचं न्हाईस. न्हाई वळखलं तर हितनं पुढं गडाचा पावणा तुझ्या सोप्यात जेवंल. चंद्राबाई म्हणली, कबूल, आन मी बी संगं येणार, न्हाईतर येऊन खोटं सांगशील.

मला पावण्यांचं काही पडलेलं न्हाई. गेले तर सुटले. पण चंद्राबाईकडं जायला नकोत.

ता. ७ जानेवारी, मंगळवार

प्रोग्राम ठरला. प्रोग्राम हा शब्द बाईंचा.

ते लोक आमचं गाव कसं बघतात ते म्या इतकी वर्षं बघितलंय. त्यात अवघड काही न्हाई. कुणाला कळवायचं न्हाई. देवळात झोपायचं. समोर दिसंल त्या घरात जाऊन भाकरी मागायची. जे दिसंल त्याला किती छान म्हणायचं आन उंच जागा बघून वर चढायचं. पैशाचं काम न्हाई. एस्टीला लागतील तेवढेच.

तिसरी सगुणा. वरल्या धनगरवाड्यातली, दुधाला येते, माझ्याहून गरीब आन गप. त्या दिवशी पावण्यांना ताटं तिनंच नेऊन दिली. तिनं नसरापूरच्या पलीकडं काही बघितलेलं न्हाई. म्हणली, धोंडाक्का, माझ्या शेरडांचं काय? म्या म्हणलं, सून आहे ना. म्हणली, सून शेरडांना नावानं हाक मारत न्हाई. दोन दिवस समजावलं. शेवटी म्या ओरडले तेव्हा हो म्हणली. प्रेमानं सांगितलं की माणूस ऐकतं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणले, दुसऱ्या दिवशी रडत याल. म्या म्हणलं, चार दिवस भाकरी तुमची तुमी करा. 

ता. १३ जानेवारी, सोमवार

गोणपाटाची पाठपिशवी शिवली. दोन पट्टे, खांद्यात अडकवायचे, हात मोकळे. आत घोंगडी, भाकरी, लसणाची चटणी आन बाईंसाठी घरचा आंबेमोहोर. चंद्राबाई म्हणली, पाठीवर ओझं म्हशीच्या बी टाकत न्हाईत. ती ट्रंक घेणार आहे. सगुणा डोक्यावर गाठोडं.

ठरवलं: चार दिवस चंद्राबाईशी भांडायचं न्हाई. आवाज चढवायचा न्हाई. शहरात हळू बोलतात.

ता. १६ जानेवारी, गुरुवार. पुणे

पहाटे बैलगाडीनं नसरापूर, तिथनं एस्टी. पाठपिशवी फार चांगली. फक्त पट्टे लुगड्यावरनं घसरतात, म्हणून गाडीतळापास्नं डोक्यावर घेतली. तात्पुरती.

एस्टीचा मला काही त्रास होत न्हाई. खेड शिवापूरला ओकले ते चहामुळं. कात्रजच्या घाटात ओकले ते चंद्राबाई सारखी माझ्याकडं बघत होती म्हणून. कंडक्टर म्हणला, मावशी, डोकं बाहेर काढू नका. म्या म्हणलं, मग आत ओकू का.  चंद्राबाई म्हणली, आवाज.

स्वारगेटला उतरलो. लष्कर कुणीकडं ते सगुणा टांगेवाल्याला इचारणार होती. म्या म्हणलं, गडावर धुक्यात मी सूर्य न बघता वाट काढते, हितं तर ऊन पडलंय. मी पुढं, ह्या मागं. लई चाललो. मग एक मोठा स्टँड लागला, तिथं एस्ट्या उभ्या होत्या. सगुणा म्हणली, आक्का, हे स्वारगेटच न्हवं का? पुण्यात सूर्य सरळ चालत न्हाई. मग सगुणानं टांगेवाल्याला इचारलंच. मी तिला तसं करू दिलं, तिला बी शिकलं पायजे.

लष्कर मात्र बघण्यासारखं. गोरे साहेब गेले पण गाव तसंच ठेवून गेले. रस्ते खळ्यासारखे सारवलेले. झाडं एका ओळीत उभी, पुढं मागं एक न्हाई. घरांना खिडक्याच खिडक्या आन खिडकीत एक बी माणूस न्हाई. एका बेकरीतनं असा वास येत होता की तिघी जणी उगाच उभ्या राहिलो. सगळं झाकपाक, टापटीप. सगुणा म्हणली, हितं थुकायचं झालं तर कुठं जातात.

साळवेबाईंचं घर इचारलं. पहिला माणूस म्हणला, कोण साळवे. दुसरा म्हणला, कुठली गल्ली. तिसऱ्यानं टोपी काढली आन पुढं गेला. पालीत कुणाला बी धोंडाबाई इचारा, कुत्रं सुदा आणून सोडंल. चंद्राबाई नुसती हसली. ते जास्त झोंबतं.

रात्री झोपायला देऊळ. हितलं देऊळ म्हणजे चर्च. आत बाकडी, म्हणजे झोपायची सोय आधीच केलेली. घोंगड्या पसरल्या तर वॉचमन आला. आपलं मराठी बोलणारा, नगरकडचा. म्हणला, बाई, हितं झोपता येत न्हाई. म्या म्हणलं, तुमच्यातली मास्तरीणबाई आमच्या मारुतीच्या देवळात आठ पोरी घेऊन झोपली, आमी वर पेंढा दिला, मारुती काही बोलला न्हाई. वॉचमननं बराच वेळ डोकं खाजवलं. मग बाजूच्या शाळेचा व्हरांडा दाखवला आन एक सतरंजी दिली. म्हणला, पहाटे साहेब यायच्या आत उठा.

त्याला पटलं. रीतीनं सांगितलं की पटतं.

ता. १७ जानेवारी, शुक्रवार. दुपार

पहाटे उठलो. भाकरी वाळल्या होत्या. म्या म्हणलं, आता प्रोग्रामप्रमाणं.

पांढरा बंगला निवडला, कारण दारात कुंड्या होत्या. कुंड्या लावणारं माणूस वाईट नसतं. व्हरांड्यात बसलो आन म्या हाक मारली, माय, चार भाकरी मिळतील का, पिठलं असलं तरी चालंल. बटलर आला. म्हणला, उठा, चला. म्या म्हणलं, आमी भिकारी न्हाई, आमी पावण्या आहोत, गाव बघायला आलोय. तो म्हणला, कुणाच्या पावण्या? म्या म्हणलं, तुमच्या.

आतनं एक म्हातारी पारशीण आली, हातात काठी, मागं कुत्रं. सगळं ऐकून घेतलं आन खुर्चीत बसून हसत राहिली. मग टेबल मांडायला लावलं. टोस्ट, अंडी, चहा. चंद्राबाई माळकरी, अंडं बघून तोंड फिरवलं, मग माझ्या ताटातल्या टोस्टला लोणी जास्त आहे म्हणून भांडली. सगुणानं बशी चाटून पुसून ठेवली, बटलर म्हणला ती धुवायची आहे.

जेवण झाल्यावर म्या रीतीप्रमाणं स्वयंपाकघर बघायला गेले. पोरींनी माझी चूल बघितली तसं. झाकणं उघडून बघितली, हांड्या बघितल्या, एका यंत्राचं दांडकं फिरवून बघितलं तर त्यातनं काहीतरी बाहेर पडलं. प्रत्येकाला किती छान म्हणलं. म्हातारीला निजायच्या खोलीचं बी विचारलं, ती म्हणली, बस, बस, डिकरी, उद्यासाठी काही राहू दे. डिकरी म्हणजे लेक. माझा स्वभाव तिला फार आवडला.

निघताना बटलरनं चमचे मोजले. टापटीप घर आहे.

ता. १७, संध्याकाळ

आणखी तेरा ठिकाणी बाईंचं घर इचारलं. न्हाई.

रेसचं मैदान बघितलं. सगुणा कुंपणाला धरून उभी राहिली ती हालंना. एवढं मोठं हिरवं कुरण आन त्यात एक शेरडू न्हाई. घोडी होती, पण त्यांना पळवत होते, चरू देत न्हवते. सगुणा म्हणली, आक्का, ह्या लोकांचं डोकं बरं आहे ना? मग माळी गवत कापून ढीग लावत होता, तो कुठं टाकतोस म्हणून तिनं इचारलं. तो म्हणला, फेकून देतो. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. पदर खोचला आन भारा बांधला. म्या म्हणलं, अगं, शेरडं पालीत. ती म्हणली, बांधल्याशिवाय मला पुढं जाववत न्हाई. भारा डोक्यावर घेऊन लष्करातनं हिंडली. शेवटी एका टांगेवाल्याच्या घोड्याला घातला. तेव्हा तो टांगेवाला तिला मावशी म्हणला. त्याला बी साळवेबाई माहीत न्हवत्या.

सगुणानं अशी शोभा करायला नको होती. लोक बघत होते. मी बॅग डोक्यावरनं काढून पाठीला लावली, शहरात शोभावं म्हणून. पट्टा तुटला.

ता. १८ जानेवारी, शनवार

प्रोग्रामात आता उंच जागा. लष्करात डोंगर न्हाई, ही एक मोठी चूक आहे त्यांची. चर्चच्या मनोऱ्यावर चढू का म्हणलं तर वॉचमननं हात जोडले. मग मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानाचा जिना दिसला. चढलो. वर गच्ची, गच्चीवर धुणं. सगळं लष्कर दिसलं, म्हणजे आणखी तीन गच्च्या आन त्यांचं धुणं. म्या म्हणलं, किती छान. खालनं एक कारकून आला, त्यानं आमाला उतरवलं. चंद्राबाईची ट्रंक जिन्यात अडकली, ती त्यानंच काढून दिली. सभ्य माणूस. तोंडानं काही काही बोलत होता, पण विंग्रजी.

दुपारी चंद्राबाई फूटपाथवर ट्रंकेवर बसली आन म्हणली, धोंडे, पुरं कर. तुझी मैत्रीण हितं राहत न्हाई. राहत असली तरी लपून बसली असंल. मी काही हरलीस म्हणून गावात हिणवणार न्हाई. एवढं मोठं मन तिनं कधी दाखवलं न्हवतं, म्हणून मला भीती वाटली. भीती न्हवे. राग.

म्या म्हणलं, बाईंनी मला सांगितलंय. लष्करात कुणालाही विचारा. चंद्राबाई म्हणली, बोलायची रीत असती बाई ती. तू लेकीच्या सासरच्यांना म्हणतीस तसं, राहा की अजून चार दिवस.

मी सासरच्यांना तसं म्हणते हे खरं आहे. पण माझी गोष्ट निराळी.

मग सगुणा कुठं गेली ते दिसंना. आली ती म्हणली, वॉचमनला इचारलं. तो म्हणला, साळवे नावाची मास्तरीण म्हणजे मराठी ख्रिस्ती असणार, तर त्यांचं चर्च निराळं, रेल्वेकडं. उद्या रविवार. उद्या सगळे तिथं येतात.

हे मला कालच सुचलं होतं. म्हणायचं राहिलं.

ता. १९ जानेवारी, रविवार

सकाळी चर्चच्या पायरीला तिघी जाऊन बसलो. म्या तोंड धुतलं, कुंकू ठळक लावलं, पिशवी मांडीवर. चंद्राबाई ट्रंकेवर, खालचा ओठ वर चढवून. माणसं येत होती, इस्तरीच्या पातळात, केसाला तेल, हातात पुस्तकं. घंटा झाली.

साळवेबाई आल्या. छत्री, चष्मा, त्याच. म्या उठले. बाईंनी आमच्याकडं बघितलं, थांबल्या, तोंडभर हसल्या, छत्री काखेत मारली आन दोन्ही हात पुढं करून आल्या. माझ्याजवळनं गेल्या आन सगुणाचे हात धरले. म्हणल्या, अगंबाई, धोंडाबाई, तुम्ही इथं कशा?

सगुणा पायरीवरची घोरपड झाली. हात बी सोडवंना, तोंड बी उघडंना.

चंद्राबाईनं माझ्याकडं बघितलं न्हाई. दुसरीकडं बघितलं. ते मी लक्षात ठेवीन.

म्या हळूच म्हणलं, धोंडाबाई मी. बाईंनी माझ्याकडं बघितलं, चष्मा सारखा केला आन हो का, म्हणल्या. नमस्कार केला. असा नमस्कार नवीन माणसाला करतात. मग सगुणाला म्हणल्या, पण मग तुम्ही कोण? सगुणा म्हणली, मी ताटं आणली. ह्या आत होत्या.

बाईंना कळंना. कोणी आत होतं हेच त्यांना आठवंना. तेव्हा मात्र आवाज चढला. मी म्हणलं, आत कोण असतंय? पोरी अर्धी भाकर टाकून उठत होत्या, तेव्हा खाली मान घाला आन जेवा, गड काही पळून जात न्हाई, असं कोण म्हणलं?

सगळी माणसं वळली. बाईंनी तोंडावर हात घेतला. म्हणल्या, तो आवाज तुमचा. अहो, आमच्या वसतिगृहात पोरी अजून जेवताना तुमची नक्कल करतात. चुलीमागच्या मावशी. आम्हाला फक्त धूर दिसला हो, आणि धुरातनं आवाज.

वळखलं. सगुणाला आधी वळखलं ते चष्म्यामुळं.

दुपारी बाईंच्या घरी. मी बंगला धरून चालले होते. एक खोली आन पुढं एवढासा व्हरांडा, माझ्या दोन म्हशी त्याहून ऐसपैस राहतात. बाई म्हणल्या, कळवलं असतंत तर काही आणून ठेवलं असतं. म्हणजे काय? तुमी कळवलं होतं का? पण म्या बोलले न्हाई, कारण बाईंनी शेजारणीकडनं वाटीभर दूध आणलं ते म्या बघितलं. मग आंबेमोहोर बाहेर काढला. बाई म्हणल्या, मी करते भात, तुम्ही बसा. मी बसले. दुसऱ्यानं चुलीशी उभं राहायचं आन आपण बसायचं, हे मला जमत न्हाई, पण बसले. मग भात लागायच्या बेताला आला म्हणून उठले. त्या स्टोव्हला काकडा धरायचा कसा ते बाईंना सांगितलं. बाई बसल्या.

भिंतीवर पालीचे फोटो. एकात गड. एकात माझी म्हैस, चांगली आली आहे. एकात सगुणा ताट घेऊन. एकात मी. म्हणजे धूर आहे आन खाली हात आहे भाकर थापताना. हात माझाच, पाटल्या वळखल्या.

संध्याकाळी बाईंनी बंडगार्डनची बाग दाखवली. नदी अडवलेली, पाणी पायरीवरनं उतरत होतं, बँड वाजत होता आन माणसं नुसती बसली होती, कुणालाच काही काम न्हवतं. चंद्राबाई म्हणली, धोंडे, हे बरं वाटलं. बाकावर तिघी जणी बसलो, बाई चौथ्या. शेंगा खाल्ल्या. कुणी भांडलं न्हाई. मला वाटतं माझ्यामुळं.

ता. २० जानेवारी, सोमवार. पाली

ओकले न्हाई. नसरापूर जवळ आल्यावर थोडंसं.

एस्टीत चंद्राबाई म्हणली, तोंड वळखलं न्हाई. म्या म्हणलं, आवाज वळखला. ती म्हणली, ठरलं होतं तुला वळखायचं. म्या म्हणलं, मी म्हणजे आवाज न्हवं का? कंडक्टर म्हणला, व्हय मावशी, तुमीच. कंडक्टर मागच्या गुरुवारचाच होता. शेवटी सगुणावर सोडलं. सगुणानं कात्रजचा सगळा घाट विचार केला आन म्हणली, निम्मं निम्मं. पावण्यांनी बसायचं पाटलिणीच्या सोप्यात, भाकरी धोंडाक्काच्या हातच्या.

चंद्राबाईनं लगेच कबूल केलं. म्हणली, माझ्या भाकरीला कडा फुटतात हे गाव जाणतंय, मी कशाला लपवू.

मी कबूल केलं न्हाई.

हे म्हणले, रडत आलीस का? म्या म्हणलं, न्हाई. चार दिवस ह्यांनी भाकरी केल्या त्या गोठ्यात म्हशीपुढं पडल्या होत्या. म्हशीनं बी खाल्ल्या न्हाईत.

ता. २६ जानेवारी, रविवार

मधे लिहिलं न्हाई. मनातलं काही न्हवतं.

ठरवलं. आता आयुष्यात पावण्यांसाठी चुलीला बसणार न्हाई. माझ्या भाकरी खातात आन सगुणाचे हात धरतात. हितनं पुढं पावणे आले की चंद्राबाईनं रांधावं, न्हाईतर उपाशी ठेवावं. मी बाहेर बसणार. लुगडं नेसून, केस विंचरून, ओट्यावर, उजेडात. पावण्यांशी बोलणार. कुठनं आला, किती जण, गडावर कुठनं चढाल. असं बोलणार की जन्मात विसरायचे न्हाईत. तोंड बघून जातील.

घर शांत आहे. बरं आहे. संध्याकाळी देवळाकडं दोनदा जाऊन आले, कुणी आलंय का बघायला न्हवे, मारुतीला.

ता. ८ फेब्रुवारी, शनवार. दिवेलागण

आले. पुण्याचे, कॉलेजातले, वीस एक जण, मुली बी आहेत. देवळात पिशव्या टाकल्या आन चंद्राबाईच्या सोप्यात गेले. चंद्राबाईनं निरोप पाठवला, धोंडे, ये. म्या सांगितलं, येते, पण भाकरीला न्हाई.

शिकेकाईनं न्हाले. हिरवं लुगडं. कुंकू. आता निघते. परत आल्यावर लिहीन, काय काय बोलले ते.

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

काल चंद्राबाईच्या ओट्यावर बसले. पहिलं पोरगं हातपाय धुऊन आलं, त्याला इचारणार, कुठनं आला, तर आतनं करपल्याचा वास. मी मान वळवली न्हाई. मग चंद्राबाईचं आपटणं ऐकू आलं. भाकर तव्याला चिकटली की आवाज होतो तो. तरी बसून राहिले. मग सगुणा बाहेर आली, ताटं घेऊन उभी, ताटात नुसतं पिठलं. पोरं खाली मान घालून वाट बघत होती.

एक भाकर कशी टाकायची ते चंद्राबाईला दाखवून येऊ म्हणून आत गेले. एक दाखवली. तिनं केली, तुटली. म्हणून दुसरी. वीस माणसं, कॉलेजातली, डोंगर चालून आलेली. तवा सोडून उठायचं कधी? चंद्राबाई पीठ मळत होती, सगुणा नेत होती, बाहेरनं आवाज यायचा, अजून एक मिळेल का. म्या म्हणायचे, लाजू नका, खावा. चंद्राबाईची चूल माझ्या चुलीपेक्षा जास्त धूर करते. तिला सांगितलं तर म्हणली, तुझ्या धुराची पावण्यांनी कधी तक्रार केली का.

शेवटची भाकर ह्यांना घरी न्यायला ठेवली आन पदर सारखा करून बाहेर आले. पंगत उठली होती. पोरं देवळात जाऊन निजली बी होती. आज पहाटे, मी धार काढत होते तेव्हा, गडाकडं गेली. तिकडनंच उतरून जाणार आहेत म्हणे.

सगुणा म्हणली, एक पोरगी इचारत होती, आत कोण आहे. म्या इचारलं, मग तू काय सांगितलंस? सगुणा म्हणली, सांगत होते, तेवढ्यात तू ओरडलीस, ताट घेऊन जा म्हणून.

हिरवं लुगडं भिजत घातलंय. धूर निघत न्हाई.